सव्वा वर्ष वापरलेला देशी रिफॉर्मर: आधी स्प्रिंगा तोला, मग पैसे द्या

हा रिफॉर्मर, म्हणजे पिलाटेस या व्यायामपद्धतीचं यंत्र, जून २०२४ मध्ये घेतला. किंमत १,३५,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण १,५९,३०० रुपये. टेम्पोचे साडेसहा हजार वेगळे. शिवाय दारात आल्यावर टेम्पोवाला "ताई, एवढं लांबडं असेल असं कोणी बोललंच नव्हतं" म्हणाला आणि दोन हमालांचे आठशे घेऊन गेला, ते आणखी वेगळे. हे लिहिताना सव्वा वर्ष झालं आहे. माझ्या वहीप्रमाणे या यंत्रावर साडेनऊशेच्या वर सेशन झाली आहेत. तेव्हा आता मत द्यायला हरकत नाही.

कंपनीचं नाव लिहिणार नाही. एक तर माझं त्यांच्याशी भांडण झालं आहे आणि भांडलेल्या माणसाने नाव घेऊन लिहिलं की परीक्षण राहतं बाजूला. दुसरं म्हणजे हेच यंत्र, हाच पायांचा दांडा, हेच राखाडी रेक्झिन मी नंतर आणखी तीन नावांनी विकायला ठेवलेलं पाहिलं. त्यामुळे नाव टाळून घेतलंत तरी दुसऱ्या नावाने हेच तुमच्या दारात येऊ शकतं. त्यापेक्षा काय तपासायचं ते सांगते.

ज्यांना रिफॉर्मर म्हणजे काय हेच माहीत नाही त्यांच्यासाठी: आठ फूट लांब, सव्वादोन फूट रुंद खाट समजा. तिच्यात रुळांवर मागेपुढे सरकणारा एक गादीचा पाट, त्याला कॅरेज म्हणतात. पाट एका टोकाला स्प्रिंगांनी बांधलेला. तुम्ही झोपून पायांनी आडव्या दांड्याला, म्हणजे फूटबारला, ढकललंत की पाट सरकतो, स्प्रिंगा ताणल्या जातात, आणि परत येताना त्यांना सुसाट येऊ न देता आवरून धरायचं. सगळं पिलाटेस त्या आवरून धरण्यात आहे. ढकलायला कोणालाही जमतं.

माझी पार्श्वभूमी थोडक्यात. नाशिकला नऊ वर्षं योगाचे वर्ग घेतले. मग पुण्याला शनिवार-रविवार जाऊन पिलाटेसच्या शिक्षकांचा ४५० तासांचा कोर्स केला. चौदा महिने लागले. मॅट, रिफॉर्मर, दुसऱ्यांचे वर्ग बसून बघायचे तास, स्वतः करायचे तास, फुकट शिकवायचे तास, सगळे धरून ४५०. चाकणच्या रांगेत एसटीत बसून पाठ केलेली स्नायूंची नावं त्यात धरलेली नाहीत. योगाला निदान आयुष मंत्रालयाचं प्रमाणपत्र मंडळ आहे. पिलाटेस शिकवायला आपल्याकडे कुठलाही सरकारी परवाना लागत नाही. दोन दिवसांची कार्यशाळा केलेला आणि ४५० तास घासलेला, दोघांच्याही पाटीवर एकच शब्द.

आता सासऱ्यांच्या जुन्या बंगल्यातल्या तळमजल्यावरच्या खोलीत एका वेळी एकाच माणसाला शिकवते. एक खोली, एक यंत्र, एक आरसा. ६०० रुपये सेशन, बारा सेशनचे एकदम भरले तर ६,६००. पुण्यातल्या एका स्टुडिओने मला नोकरीचं विचारलं होतं: दहा मशीन, दहा माणसं, पन्नास मिनिटं, वर्गाचे ५०० रुपये. दहा माणसांकडून ते काय घेत होते ते विचारलं नाही, उगाच वाईट वाटलं असतं. आणि दहा जणांत कोणाचा खांदा कानाला चिकटलाय हे पन्नास मिनिटांत दिसत नाही, हे स्वतः त्या दहांतली एक होऊन अनुभवलं आहे.

तर यंत्र.

आलं ते चार खोक्यांत. जोडायचं आपणच. पुस्तिका म्हणजे झेरॉक्सची चार पानं, त्यातलं तिसरं पान उलटं छापलेलं. आठ बोल्ट, त्यातल्या एकाचं भोक दोन मिलिमीटर सरकलेलं. आमच्या सुताराने येऊन कानस मारली. जाताना लाकडावर नख ओढून म्हणाला, "सागवान नाही हे, रबरवूड आहे. पण वाळलेलं चांगलं आहे." जाहिरातीत 'प्रीमियम सॉलिड वूड' होतं, तेव्हा तक्रार नाही. आणि हे मान्यच करायला हवं की चौकट दणकट निघाली. दोन पावसाळे गेले, फुगली नाही, वाकली नाही. नव्वद किलोचा माणूस पाटावर गुडघे टेकून मागेपुढे गेला तरी खाट कुरकुरत नाही. रेक्झिनही टिकलं आहे, डोकं टेकायच्या जागेचा अपवाद सोडून.

त्या जागेबद्दल कुठल्याही परदेशी व्हिडिओत ऐकायला मिळणार नाही: खोबरेल तेल. माझ्याकडे सकाळी साडेसहाला येणाऱ्या बायका रात्री डोक्याला तेल लावून झोपलेल्या असतात. तीन महिन्यांत हेडरेस्टवर काळपट गोल डाग पडला आणि रेक्झिन कडक होऊन भेगाळलं. आता सगळ्यांना घरून नॅपकिन आणायला लावते. दुसरी गोष्ट लांब केसांची. वेणी खांदे अडवणाऱ्या ठोकळ्याखाली, म्हणजे ब्लॉकखाली, घसरून पाटाच्या चाकात जाते. एकदा गेली, नुसतं चार केसांवर निभावलं. तेव्हापासून खोलीत अंबाडा सक्तीचा, आणि दर रविवारी चिमट्याने चाकांतले केस काढणं हे माझं व्रत. रूळ कोरड्या फडक्याने पुसायचे, तेल घालायचं नाही. हे मी नवऱ्याला सांगायला विसरले. त्याने मोठ्या प्रेमाने शिलाई मशीनचं तेल रुळांत सोडलं आणि त्यावर मे महिन्याची धूळ बसून जो काळा लगदा झाला तो काढायला दोन दिवस आणि एक जुनं टूथब्रश गेलं.

आता पहिली खरी तक्रार: यंत्र उंच माणसासाठी बेतलेलं आहे. चांगल्या रिफॉर्मरमध्ये पाट कुठून सुरू होणार ती जागा माणसाच्या उंचीप्रमाणे मागेपुढे करता येते, चार-पाच खाचा असतात. इथे दोनच. माझ्याकडे येणाऱ्यांतल्या निम्म्या बायका पाच फुटांच्या आतबाहेर. चार फूट अकरा इंचांची बाई यावर झोपली की फूटबारवर पाय नीट टेकेपर्यंत गुडघे जवळपास सरळच होतात. मग ढकलायचं काय? मी फूटबार सगळ्यात आतल्या खाचेत आणि पाट सगळ्यात पुढच्या, असं करून वेळ मारून नेते, पण खुब्याला हवा तेवढा वाकाव मिळत नाही. खांद्याच्या ब्लॉकांमधलं अंतरही पक्कं, बदलता येत नाही. भारतात बनवलेल्या यंत्रावर भारतीय बाई बसत नसेल तर माप घेतलं कोणाचं? बहुतेक बाहेरच्या एखाद्या यंत्राचं, जसंच्या तसं.

आणि आता स्प्रिंगा. हे परीक्षण खरं तर त्यांच्यासाठीच लिहायला घेतलं.

पुण्यात मी बॅलन्स्ड बॉडी या अमेरिकी कंपनीच्या यंत्रावर शिकले. त्यांच्याकडे रंगांचा क्रम ठरलेला: पिवळी सगळ्यात हलकी, मग निळी, मग लाल, मग हिरवी. चौदा महिने ती भाषा कानावर पडली की तोंडात बसते. "दोन लाल एक निळी" म्हटलं की हात आपोआप हुकाकडे जातो. माझ्या यंत्रावर तीन लाल, एक निळी, एक पिवळी आल्या. मला वाटलं, झालं, सगळं ओळखीचं.

पहिल्याच आठवड्यात ओळख मोडली. बँकेतून निवृत्त झालेल्या एक काकू येतात, बासष्ट वर्षांच्या, गुडघ्यांची तक्रार. त्यांना दोन लाल लावल्या. मधली आणि डावी. छान चाललं होतं. दुसऱ्या दिवशी सहज मधली आणि उजवी लावली, तर तिसऱ्या वेळेला थांबून म्हणाल्या, "आज जास्त जड दिलंयस का गं?" मी म्हटलं, काकू, कालचंच आहे. त्या म्हणाल्या, "नाही. चाळीस वर्षं नोटा मोजल्यात, फरक हाताला कळतो. पायालाही कळतो."

दोन महिने हे असं कोणी ना कोणी बोलत राहिलं. शेवटी एका रविवारी प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकवाला डिजिटल काटा घेतला. रुळावर खडूने पन्नास सेंटिमीटरची खूण केली. एका वेळी एकच स्प्रिंग लावायची, काट्याने कॅरेज खुणेपर्यंत ओढायचं, मुलाने आकडा वाचायचा. तो नववीत, स्प्रिंगेच्या ताणाबद्दलचा हूकचा नियम नुकताच ऐकलेला, त्यामुळे भलत्याच उत्साहात. प्रत्येक स्प्रिंग तीनदा ओढली आणि सरासरी काढली. चाकांचं घर्षण आलंच त्यात, पण ते पाचही जणींना सारखंच. आकडे असे आले: डावी लाल ९.४ किलो. मधली लाल ९.६. उजवी लाल ११.३. निळी ६.१. पिवळी ५.८.

उजवी 'लाल' तिच्या बहिणींपेक्षा जवळजवळ दोन किलोने जड. आणि निळी-पिवळीत फरक फक्त टोकाच्या प्लॅस्टिकच्या टोपीचा. काकूंचा पाय बरोबर होता.

दोन किलोंनी काय बिघडतं असं वाटेल. व्यायामशाळेत काहीच बिघडत नाही. पण रिफॉर्मरवर स्प्रिंग दोन्ही बाजूंनी बोलते. पाय ढकलायच्या व्यायामात स्प्रिंग जास्त तर काम जड. पण तुम्ही पाटावर उभे आहात, हात फूटबारवर, कंबर वर, तेव्हा जड स्प्रिंग पाटाला आधार देते आणि हलकी स्प्रिंग तुमचा आधार काढून घेते. तिथे कमी स्प्रिंग म्हणजे जास्त कठीण. हे एका गिऱ्हाइकाला पटवायला मला तीन सेशन लागली. ते दिंडोरीकडचे द्राक्ष बागायतदार, पाठदुखीमुळे डॉक्टरांनी पाठवलेले. काका दर वेळी म्हणायचे, "आणखी एक टाका ना ताई, आपल्याला जमतंय." एक दिवस मी उलट केलं, गुडघे टेकवून फक्त निळी ठेवली. पाट असा सुटला की काका फूटबारला मिठी मारून बसले. म्हणाले, "ही तर लगाम नसलेली गाय आहे." त्यानंतर स्प्रिंगा वाढवा म्हणाले नाहीत.

म्हणून शिकवणाऱ्याला स्प्रिंगेचा आकडा हवा. रंग ही प्रत्येक कंपनीची आपापली बोली आहे. ग्राट्झसारखी जुन्या पद्धतीची यंत्रं बनवणारे तर रंगांच्या भानगडीतच पडत नाहीत, सगळ्या स्प्रिंगा सारख्या, किती लावायच्या एवढंच. इतक्या वर्षांत सगळ्या उत्पादकांनी मिळून एक माप ठरवलेलं नाही. औषधाच्या गोळीवर मिलिग्रॅम असतात, चारचाकीच्या दाराशी टायरच्या हवेचा आकडा असतो. बासष्ट वर्षांच्या गुडघ्यावर लावायच्या स्प्रिंगेवर लाल टोपी.

यंत्रांच्या धंद्यात हे असं का, त्याचं एक टोक इतिहासात आहे. योझेफ पिलाटेस हा जर्मन, म्योंशनग्लाडबाखचा, १८८३ चा जन्म. पहिल्या महायुद्धात तो इंग्लंडमध्ये होता आणि शत्रूदेशाचा म्हणून त्याला आयल ऑफ मॅन बेटावरच्या नॉकालो छावणीत डांबलं. तिथे आजाऱ्यांच्या खाटांना स्प्रिंगा बांधून त्यांना झोपल्या झोपल्या व्यायाम दिला, त्यातून रिफॉर्मर निघाला, ही गोष्ट प्रत्येक कोर्सच्या पहिल्या दिवशी सांगतात. गोष्ट म्हणूनच ऐकावी, पण यंत्राकडे बघितलं की खाट दिसतेच. १९२६ च्या सुमाराला तो न्यूयॉर्कला गेला, आठव्या अव्हेन्यूवर ९३९ नंबरच्या इमारतीत त्याने आणि त्याची जोडीदार क्लारा हिने स्टुडिओ थाटला, नर्तक-नर्तकींची रीघ लागली. तो स्वतः या पद्धतीला कंट्रॉलॉजी म्हणायचा. आडनाव चिकटलं ते लोकांनी चिकटवलं.

१९६७ मध्ये तो गेला. पुढे 'पिलाटेस' हा शब्दच ट्रेडमार्क म्हणून एकाच्या हातात आला, आणि बाकीच्या शिक्षकांना तो वापरायची चोरी झाली. ते प्रकरण मॅनहॅटनच्या न्यायालयात गेलं आणि ऑक्टोबर २००० मध्ये निकाल लागला: योग किंवा कराटेसारखा हा शब्द सर्वांचा, कोणा एकाचा नाही. गंमत म्हणजे लढणारा प्रतिवादी एक यंत्रं बनवणाराच होता, ज्याची कंपनी आज बॅलन्स्ड बॉडी म्हणून ओळखली जाते. मूळचा फर्निचरवाला. तो हरला असता तर मी आज माझ्या फाटकावर 'पिलाटेस' लिहिताना दहादा विचार केला असता. निकाल अमेरिकेतला, पण तो जिंकला म्हणून मीही निर्धास्त लिहिते. त्याचीच दुसरी बाजू अशी की कोणीही काहीही बनवून ते पिलाटेसचं यंत्र म्हणून विकूही शकतो. मला निकाल आवडतो. त्याचं बिल मात्र अधूनमधून माझ्या दारात येतं.

ते बिल अकराव्या महिन्यात आलं.

संध्याकाळची वेळ, त्याच काकू, तीन स्प्रिंगा लावलेल्या, पाय ढकलणं चालू. सातवी-आठवी खेप असेल. तण्ण असा आवाज आला, पाट एकदम हलका होऊन झटक्यात पुढे गेला आणि दोन स्प्रिंगांवर अडखळला. मधल्या लालचा हुक वाकतो तिथेच तुटला होता. काकूंना काही झालं नाही. खरंच काही नाही, त्या उठून बसल्या आणि म्हणाल्या, "पाणी दे, मला नको, तुला." पण त्या वेळी एकच स्प्रिंग असती तर? पाय दोरीच्या पट्ट्यांत अडकवून वर असते तर? रात्री मला झोप आली नाही. पलंगावर पडून मी एकेका व्यायामात हुक तोडून बघत होते.

कंपनीला फोन केला. पहिल्यांदा "मॅडम, फोटो पाठवा." पाठवले. चार दिवसांनी उत्तर: वॉरंटी घरगुती वापरापुरती आहे, तुम्ही व्यावसायिक वापर केला. ज्या पानावरून मी हे यंत्र मागवलं त्यावर 'स्टुडिओ ग्रेड' लिहिलं होतं. बिल माझ्या वर्गाच्या नावावर आहे. मी त्यांना दोन्हीचे फोटो पाठवले. मग आठवडाभर गप्प. मग "वरिष्ठांशी बोलून सांगतो." तीन आठवड्यांनी दोन स्प्रिंगा आल्या, प्रत्येकी २,२०० रुपये आणि कुरिअर लावून, तेही आधी भरून. त्या तीन आठवड्यांत मी लोकांना मॅटवर शिकवलं. एकाने उरलेले पैसे परत मागितले, दिले.

नवीन स्प्रिंगा आल्या त्या दिवशी काटा आधी काढला. एक ८.७, एक १०.५. टोपी दोघींचीही लाल.

नाशिकला राहण्याचा एक फायदा असा की अंबड आणि सातपूर दोन्ही एमआयडीसी हाकेच्या अंतरावर. नवऱ्याच्या ओळखीने अंबडच्या एका छोट्या शेडमध्ये गेले, तिथे कंपन्यांसाठी स्प्रिंगा वळतात. मालक साठीचे, कानात पेन्सिल. तुटका हुक हातात घेऊन त्यांनी उन्हात फिरवला आणि बोट ठेवलं: "ताई, स्प्रिंग सहसा मधे तुटत नाही, हुकाला तुटते. सगळा ताण या वाकणात येतो. इथे बघा, वाकवताना पक्कडीचा ओरखडा पडलाय. तडा तिथून सुरू झाला." मग माझ्या नवीन स्प्रिंगा मोकळ्या ठेवून कडी कडीला नीट चिकटते का ते बघितलं. एकीत दोन ठिकाणी फट होती, आरपार उजेड दिसत होता. "ही आताच सैल आहे." न ताणलेल्या स्प्रिंगेत फट दिसली की ती बदलायची, हे मला कोर्समध्ये शिकवलं होतं. दोन वर्षांनी सगळ्या बदलायच्या हेही शिकवलं होतं. पण नवी कोरी स्प्रिंग खोक्यातून काढून उन्हात धरायची, हे कोणी शिकवलं नव्हतं.

त्यांनी मला पाच स्प्रिंगा वळून दिल्या. म्युझिक वायर, वर निकेलचा मुलामा, टोकाकडे वेटोळी निमुळती होत जातात आणि हुक वेगळा, आत बसवलेला, गरगर फिरणारा, म्हणजे वाकणात पीळ पडत नाही. मी आकडे मागितले होते: पन्नास सेंटिमीटरला १३, साडेनऊ, साडेनऊ, ६ आणि ४. त्यांनी विचारलं, "किती इकडेतिकडे चालेल?" आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला हा प्रश्न विचारला होता. मी म्हटलं, पावशेर. हसले, म्हणाले, "भाजी नाही ताई." पण काट्यावर पाचही जणी त्या पावशेराच्या आतच आल्या. पाचांचे मिळून ४,८०० रुपये झाले. कंपनीच्या जेमतेम सव्वादोन स्प्रिंगांची किंमत.

इथे एक सूचना, आणि ती गंभीरपणे घ्या: मी हे केलं कारण माझ्या ओळखीत हे काम रोज करणारा माणूस होता आणि मी स्वतः महिनाभर त्यांच्यावर एकटीने व्यायाम करून मगच दुसऱ्याला झोपवलं. कोपऱ्यावरच्या गॅरेजमधून स्प्रिंग वळवून आणू नका. बॅलन्स्ड बॉडीसारख्या कंपन्यांच्या स्प्रिंगा सुट्या मागवता येतात. महाग पडतात, आणि आपल्या यंत्राला त्यांचं हुक बसतं का ते आधी मापून बघावं लागतं.

बाकीच्या गोष्टी पटकन. हातापायांनी ओढायच्या दोऱ्या बऱ्या, पण लांबी ठरवायची पकड घसरते, डावी-उजवी रोज जुळवावी लागते. दोऱ्यांच्या टोकाच्या पट्ट्यांचं अस्तर सहा महिन्यांत फाटलं, गल्लीतल्या पर्सवाल्याने दीडशेत नवं शिवलं, मूळच्यापेक्षा मऊ. आवाज कमी. पाटावर ठेवायचा बॉक्स उत्तम, खरंच उत्तम, मी त्यावर बसून चहाही घेते. जंपबोर्ड, म्हणजे झोपून पायांनी उड्या मारायची उभी फळी, 'मोफत' म्हणून आला होता, तो लावला की फूटबार काढावा लागतो आणि फूटबारचा एक बोल्ट पुन्हा बसताना रुसतो, म्हणून दोनदा वापरून भिंतीला लावून ठेवला.

पैशांचं बोलायचं तर यंत्र फिटलं. महिन्याला साठ-पासष्ट सेशन होतात, श्रावणात कमी, लग्नसराईत आणखी कमी, जानेवारी ते मार्च बागायतदार काका द्राक्षांत असतात. तरी आठव्या महिन्यात मुद्दल निघालं होतं. याच पैशात बाहेरून आलेलं नवं यंत्र मिळालंच नसतं, आणि ते येईपर्यंत थांबले असते तर कदाचित सुरुवातच केली नसती. म्हणून मी घेतलं याचा पश्चात्ताप नाही. चौकटीला पाचपैकी चार, गादीला साडेतीन, मापाला दोन, स्प्रिंगांना शून्य. विक्रीनंतरच्या सेवेला आकडा देत नाही, हात उचलत नाही.

घरी एकटीने करण्यासाठी घेणार असाल तर माझं उत्तर नाही असं आहे. तुटताना खोलीत दुसरं कोणी नसेल. शिकवण्यासाठी, एकास एक, आणि आल्या दिवशी स्प्रिंगा तोलून बदलायची तयारी असेल, तर विचार करा. बोलणी करताना विक्रेत्याला एवढंच विचारा: पन्नास सेंटिमीटर ओढल्यावर तुमची लाल किती किलो? मी नंतर उत्सुकता म्हणून पाच विक्रेत्यांना फोन करून विचारलं. चौघांनी "मीडियम रेझिस्टन्स" म्हटलं. पाचव्याने फोन ठेवला नाही, "उद्या सांगतो" म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी खरंच आकडा सांगितला. दुसरं यंत्र घेईन तेव्हा त्याच्याकडे जाईन.

माझ्या खोलीत आता रंग चालत नाहीत. टोप्या काढून टाकल्या आणि प्रत्येक हुकाशेजारी लाकडावर मार्करने आकडा लिहिला. पोट आत घेण्यासाठी "निऱ्या खोचताना घेतो तसं" म्हणते, बागायतदार काकांना "पाठीवर फवारणीचा पंप घेताना घेता तसं" म्हणते, आणि स्प्रिंगांना त्यांच्या वजनाने हाक मारते. काकू परवा आत येतायेताच विचारत होत्या, "आज काय, साडेनऊ-साडेनऊ? का तेरा लावतेस?"

जंपबोर्ड विकायचा आहे. जवळजवळ नवा, फूटबारवाल्या साध्या रिफॉर्मरला बसू शकेल, पण भोकं मोजून या. नाशिकमध्ये येऊनच न्यावा लागेल, टेम्पो मी सांगणार नाही.